विद्युत् मंडल प्रतिमानांची निष्क्रियता

विद्युत् मंडलाने त्याच्या अग्रांमधून कोणत्याही क्षणापर्यंत घेतलेली एकूण ऊर्जा ऋण होऊ शकत नाही, म्हणजेच घेतलेल्या ऊर्जेपेक्षा अधिक ऊर्जा ते परत देऊ शकत नाही, या गुणधर्मास निष्क्रियता असे म्हणतात. सुरुवातीस मंडलात ऊर्जा साठविलेली नाही, असे येथे गृहीत धरलेले असते. अग्रांमधील विद्युत् दाब आणि त्यांतून जाणारा विद्युत् प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे त्या क्षणीची शक्ती होय. ही शक्ती क्षणभर ऋण असू शकते. धारित्रात किंवा प्रवर्तकात साठलेली ऊर्जा परत येत असताना ती तशी असतेच. मात्र आरंभापासून केलेली तिची बेरीज ऋण होत नाही. रोधक, धारित्र, प्रवर्तक, रोहित्र, केबल, प्रेषण मार्ग ही सर्व निष्क्रिय आहेत. विवर्धक व आंदोलक यांना बाह्य उद्गमाकडून शक्ती मिळत असल्याने केवळ संकेताच्या अग्रांपुरता विचार केल्यास ते निष्क्रिय नसतात.

प्रत्यक्ष वस्तूला हा गुणधर्म ऊर्जेच्या अक्षय्यतेमुळे आपोआप लाभतो. त्या वस्तूचे गणितीय प्रतिमान (तिचे वर्तन दर्शविणारा समीकरणांचा संच) तयार करताना मात्र तो हरवू शकतो. मग संगणकाने केलेल्या सदृशीकरणात (प्रत्यक्ष मंडलाऐवजी त्याच्या समीकरणांवर केलेल्या प्रयोगात) कोणताही ऊर्जा उद्गम नसताना दाब वाढत जातात आणि उत्तर निरर्थक ठरते. कधीकधी ते उघडपणे निरर्थक नसते, केवळ चुकीचे असते. हा प्रकार अधिक धोक्याचा होय. उच्च दाबाच्या उपकेंद्रातील रोहित्राचे विद्युत् निरोधन किती दाब सोसेल असे योजावे, हे अशा गणनावरून ठरविले जाते. प्रतिमानाने स्वतः निर्माण केलेला अतिदाब आणि तडिताघातामुळे येणारा खरा अतिदाब यांतील फरक आलेखावरून ओळखू येईलच असे नाही.

स्थिरता आणि निष्क्रियता : या दोन गुणधर्मांची गल्लत वारंवार होते. प्रतिमान एकटे असताना त्यातील आंदोलने कालांतराने क्षीण होत असतील, तर ते स्थिर होय. निष्क्रियता ही याहून कडक अट आहे. दोन स्थिर प्रतिमाने एकमेकांस जोडली असता तयार होणारे मंडल अस्थिर असू शकते. पण निष्क्रिय मंडले कशीही जोडली तरी जोडणीतून ऊर्जा निर्माण होत नाही आणि एकूण मंडल निष्क्रियच राहते. प्रतिमान तयार करणाऱ्यास ते पुढे कोण, कशाला जोडणार आहे याची कल्पना नसते. त्यामुळे कोणत्याही जोडणीत टिकणारा हा गुणधर्म त्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

एका साध्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. १० ओहम रोधकाशी अनेकसर जोडणीत एक धारित्र-प्रवर्तक शाखा आहे. ती १ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेस अनुस्पंदित होते आणि तिचा स्वतःचा रोध ०.१ ओहम आहे. अनुस्पंदनापासून दूर असताना या मंडलाचा संरोध सुमारे १० ओहम असतो, तर अनुस्पंदनाच्या वेळी तो सुमारे ०.१ ओहमपर्यंत उतरतो. मापनातील लहानशा चुकीमुळे प्रतिमानात हा तळ ०.१ ऐवजी −०.२ ओहम आला, असे समजू. मूळ १० ओहमांच्या मानाने ही चूक केवळ ३ टक्के असून आलेखावर ती डोळ्यांना दिसणारही नाही. शाखेचे अवमंदन असे आहे की, प्रतिमानाची अग्रे उघडी ठेवल्यास त्यातील आंदोलन दर आवर्तनास जवळजवळ निम्मे होते. म्हणजे प्रतिमान उत्तम स्थिर आहे. त्यास ५० ओहमचा भार जोडला तरी काहीच बिघडत नाही. बाहेरील रोध ०.२ ओहमपेक्षा कमी होताच मात्र मंडलातील एकूण रोध ऋण होतो. भार ०.१ ओहम असल्यास आंदोलनाचा परमप्रसर (कमाल विस्थापन) सुमारे १११ आवर्तनांत दुप्पट होतो आणि एका सहस्रांश सेकंदात सुमारे ५०० पट. एकच प्रतिमान अशा रीतीने एका प्रयोगशाळेत निर्दोष ठरते आणि दुसरीकडे, कमी रोधाच्या शक्तिपुरवठ्याशी जोडल्यावर, फसते. दोष भारात नाही, हे उघड आहे. परंतु त्याचा शोध बहुधा भारातच घेतला जातो.

हे केवळ या उदाहरणापुरते नाही. एखाद्या कंप्रतेस प्रतिमानाच्या संरोधाचा सत् भाग ऋण असेल, तर त्या कंप्रतेस त्याचा असत् भाग रद्द करणारे धारित्र वा प्रवर्तक निवडून, स्थिर पण निष्क्रिय नसलेल्या प्रतिमानास अस्थिर करणारा निष्क्रिय भार नेहमीच शोधता येतो.

धन-सत् फलने : निष्क्रियतेची गणितीय अट संगणकाच्या पूर्वीच, मंडल संश्लेषणाच्या (इच्छित गुणधर्मांवरून मंडल रचण्याच्या) अभ्यासातून पुढे आली. आर. एम. फॉस्टर यांनी १९२४ मध्ये रोधरहित मंडलांच्या संरोधाचे स्वरूप निश्चित केले. जर्मन गणितज्ञ व्ही. काउअर यांनी १९२६ मध्ये याच विषयावर महत्त्वाचे कार्य केले. रोधक, धारित्र व प्रवर्तक या तिन्हींनी बनलेल्या मंडलाचा प्रश्न दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले ओ. ब्रून यांनी अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९३१ मध्ये सोडविला. दोन अग्रांच्या मंडलाचा संरोध हा सदसत् कंप्रतेचे फलन मानल्यास, सदसत् प्रतलाच्या उजव्या अर्ध्या भागात त्याचा सत् भाग कोठेही ऋण असता कामा नये. अशा फलनास त्यांनी ‘धन-सत्’ हे नाव दिले आणि प्रत्येक धन-सत् परिमेय फलनास एक प्रत्यक्ष निष्क्रिय मंडल असते, हे रचना करून दाखविले. त्यांच्या रचनेत आदर्श रोहित्रे लागत, आर. बॉट व आर. जे. डफिन यांनी १९४९ मध्ये ती टाळली, पण घटकांची संख्या बरीच वाढवून. ब्रून यांना मंडल बनवायचे होते. आजच्या सदृशीकरणकारास बनवायचे काही नसते, तरी त्याच्या प्रतिमानास तीच कसोटी लागते. संगणकाच्या समीकरणांतील मंडलही ऊर्जेच्या हिशेबातून सुटत नाही.

व्यवहारात ही अट दोन भागांत तपासतात. फलनाचे सर्व ध्रुव (ज्या बिंदूंवर फलन अनंत होते ते बिंदू) डाव्या अर्ध्या प्रतलात असावेत आणि सर्व वास्तव कंप्रतांना संरोधाचा सत् भाग शून्य किंवा धन असावा. सीमेवरील ध्रुवांसाठी आणखी एक पोट-अट आहे : ते एकेरी असावेत व त्यांचे अवशेष धन असावेत.

मंडलास अग्रांच्या अनेक जोड्या (द्वारे) असतील, तर एका फलनाऐवजी फलनांचा आव्यूह येतो [⟶ आव्यूह सिद्धांत]. येथे प्रत्येक द्वार स्वतंत्रपणे तपासून चालत नाही. दोन द्वारांच्या एका प्रतिमानात प्रत्येक द्वाराचा रोध १ ओहम आणि परस्पर रोध १.१ ओहम आहे, असे मानू. कोणत्याही एकाच द्वारातून १ अँपिअर प्रवाह सोडल्यास मंडल १ वॉट शक्ती घेते व निष्क्रिय भासते. दोन्ही द्वारांतून विरुद्ध दिशांनी १ अँपिअर सोडल्यास मात्र घेतलेली शक्ती १ + १ − २.२, म्हणजे −०.२ वॉट होते. म्हणून संपूर्ण आव्यूहाची लाक्षणिक मूल्ये पाहावी लागतात. तीन कलांच्या, तीन वेटोळ्यांच्या रोहित्रात द्वारांची संख्या सहज नऊवर जाते आणि दोष असाच एखाद्या संयोगात दडलेला असतो.

दोष कोठून येतो : सदृशीकरणाचे आधुनिक कार्यक्रम मूळ घटकांच्या बाबतीत सहसा चुकत नाहीत. एच. डब्ल्यू. डॉमेल यांनी १९६० नंतरच्या दशकात शक्तिप्रणालींतील क्षणिक घटनांसाठी विकसित केलेली पद्धत आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत एल. डब्ल्यू. नागेल व डी. ओ. पेडरसन यांनी १९७३ मध्ये पुढे आणलेला ‘स्पाइस’ हा कार्यक्रम, या दोहोंत धन मूल्यांचे रोधक, धारित्र व प्रवर्तक निष्क्रियच राहतात. अडचण येते ती मोजमापांवरून किंवा फार मोठ्या मंडलाचे संक्षेपण करून बनविलेल्या प्रतिमानांत.

मोजमाप बहुधा प्रकीर्णन गुणांकांच्या रूपात असते : द्वारावर आदळणाऱ्या तरंगाचा किती भाग परावर्तित होतो, हे उपकरण सांगते. निष्क्रिय मंडल आदळलेल्या शक्तीपेक्षा अधिक शक्ती परावर्तित करू शकत नाही. म्हणून एका द्वाराच्या बाबतीत या गुणांकाचे मान १ पेक्षा अधिक असत नाही. वरील उदाहरणात ५० ओहमच्या संदर्भाने अनुस्पंदनाच्या वेळी खरे मान सुमारे ०.९९६ आहे, तर सदोष प्रतिमानात ते १.००८ येते. उपकरणाच्या अंशन-शोधनातील (कॅलिब्रेशनमधील) सव्वा टक्क्याची त्रुटी एवढ्यास पुरेशी आहे. अल्प ऱ्हासाची मंडले नेहमीच या सीमेला लागून असतात. त्यामुळे उत्तम प्रतीचे रोहित्र वा केबल हेच प्रतिमानकारास अधिक त्रास देतात.

मोजमाप मर्यादित कंप्रतापट्ट्यातच होते. त्या पट्ट्यात फलन अचूक बसविले तरी पट्ट्याबाहेर ते कसे वागेल यावर बंधन नसते आणि कालक्षेत्रातील गणनात तर सर्व कंप्रता भाग घेतात. बी. गुस्तावसेन व ए. सेमल्येन यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या सदिश-अन्वायोजन पद्धतीने शेकडो बिंदूंच्या मोजमापावर परिमेय फलन बसविणे सुकर झाले. तिच्यात अस्थिर ध्रुव आढळल्यास ते परावर्तित करून डाव्या अर्ध्या प्रतलात आणले जातात. यामुळे स्थिरतेची हमी मिळते, निष्क्रियतेची मिळत नाही.

संक्षेपणातही असेच घडले. संकलित मंडलातील सूक्ष्म जोडतारांचे प्रतिमान लाखो रोधक व धारित्रे यांचे असू शकते. एल. टी. पिलाज व आर. ए. रोहरर यांनी १९९० मध्ये अशा मंडलाच्या प्रतिसादाचे काही मोजकेच ध्रुव काढण्याची पद्धत सुचविली. ती जलद होती व लोकप्रियही झाली; पण मूळ मंडल निष्क्रिय असताना तीतून अस्थिर ध्रुव निघत आणि ते वगळल्यावरही उरलेले प्रतिमान निष्क्रिय असेलच असे नसे. यावरील उपाय ए. ओदाबासिओग्लू, एम. चेलिक व पिलाज (नंतरचे नाव पिलेगी) यांच्या १९९७ मधील पद्धतीत मिळाला. मूळ समीकरणांतील रोधविषयक व ऊर्जासंचयविषयक आव्यूहांची रचनाच अशी असते की, त्यांतून निघणारी शक्ती व साठलेली ऊर्जा ऋण होत नाही. त्यांना दोन्ही बाजूंनी एकाच लहान आव्यूहाने (एका बाजूने त्याच्या परिवर्तित रूपाने) गुणल्यास ही रचना शाबूत राहते. येथे निष्क्रियता नंतर दुरुस्त करावी लागत नाही. ती मुळातच गमावली जात नाही. मंडलाची आंतरिक समीकरणे ज्ञात असतील तेथे हाच मार्ग श्रेयस्कर होय. मोजमापावरून बनविलेल्या प्रतिमानास तो उपलब्ध नसतो.

तपासणी : सर्वांत सरळ उपाय म्हणजे अनेक कंप्रतांना सत् भाग काढून पाहणे. तो पुरेसा नाही, कारण निवडलेल्या दोन कंप्रतांच्या मधल्या अरुंद पट्ट्यातील दोष निसटतो. व्ही. एम. पॉपॉव्ह, व्ही. ए. याकूबोविच आणि आर. ई. कालमान यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत नियंत्रण सिद्धांतातील एका प्रमेयाद्वारे ही अनंत कंप्रतांची अट एका आव्यूहविषयक अटीत बदलली, बी. डी. ओ. अँडरसन यांनी १९६७ मध्ये ती अनेक द्वारांच्या मंडलांना लागू केली. या प्रमेयाचा अर्थ भौतिकीय दृष्ट्या साधा आहे : मंडल निष्क्रिय असेल, तर त्याच्या आंतरिक अवस्थेचे असे एक ऊर्जा-फलन लिहिता येते की, त्याची वाढ अग्रांतून आलेल्या ऊर्जेहून कधीही अधिक नसते. जे. सी. व्हिलेम्स यांनी १९७२ मध्ये हीच कल्पना अरेषीय प्रणालींपर्यंत व्यापक केली.

प्रतिमानाच्या गुणांकांवरून हॅमिल्टोनियन नावाचा एक आव्यूह तयार करता येतो. त्याची जी लाक्षणिक मूल्ये शुद्ध असत् असतात, ती नेमक्या त्या कंप्रता देतात जेथे सत् भाग शून्यास छेदतो. एस. बॉइड, व्ही. बालकृष्णन व पी. टी. कबांबा यांनी १९८९ मध्ये या तत्त्वावर आधारित गणनपद्धती दिली. असे एकही मूल्य नसल्यास आणि एखाद्या कंप्रतेस अट पाळली जात असल्यास, ती सर्वत्र पाळली जाते. १०० अवस्था चलांच्या प्रतिमानासाठी हा आव्यूह २०० × २०० असतो व आजच्या संगणकास तो किरकोळ आहे. चलांची संख्या हजारोंनी वाढल्यावर मात्र केवळ आवश्यक तेवढीच मूल्ये शोधणाऱ्या खास पद्धती वापराव्या लागतात.

दुरुस्ती : दोष आढळल्यावर प्रतिमानात कमीत कमी बदल करून ते निष्क्रिय करणे, हा खरा प्रश्न आहे. वरील उदाहरणात एकसर जोडणीत ०.२ ओहमचा रोधक घातल्यास काम भागते, पण मग संरोध सर्वच कंप्रतांना ०.२ ओहमने चुकतो. त्याऐवजी अनुस्पंदी पदाचा अवशेष सुमारे २ टक्क्यांनी कमी केल्यास अनुस्पंदनाजवळ तेवढीच सुधारणा होते आणि दूरच्या कंप्रतांवर परिणाम होत नाही. रोधक घालण्याचा मार्ग मोहक असला तरी गैरसोयीचा आहे. ज्या रोहित्राचा ५० हर्ट्‌झ कंप्रतेचा प्रतिसाद अचूक हवा, तेथे उच्च कंप्रतेचा एक लहान दोष घालविण्यासाठी तो बिघडविणे समर्थनीय नाही.

गुस्तावसेन व सेमल्येन यांनी २००१ मध्ये अवशेषांतील सूक्ष्म बदल द्विघाती इष्टतमीकरणाने शोधण्याची पद्धत दिली. इटलीतील तूरिन येथील एस. ग्रिव्हेत-तालोचा यांनी २००४ मध्ये हॅमिल्टोनियन आव्यूहाची असत् मूल्ये अक्षावरून हळूहळू एकमेकांकडे सरकवून ती नाहीशी करण्याचा मार्ग दाखविला. दोन्ही पद्धतींत बदल लहान मानून समीकरणे रेषीय केलेली असतात. म्हणून एका फेरीने काम होत नाही. बदल, पुन्हा तपासणी, पुन्हा बदल असा क्रम चालतो. क्वचित एके ठिकाणचा दोष दाबताच दुसरीकडे नवा उद्भवतो. वर उल्लेखिलेल्या प्रमेयाची अट थेट घालून बहिर्वक्र इष्टतमीकरणाने सर्वोत्तम उत्तर मिळविता येते, परंतु चलांच्या संख्येबरोबर त्याचा गणनखर्च फार वेगाने वाढतो. ते लहान प्रतिमानांपुरतेच सोयीचे आहे.

कालक्षेत्रातील गणन : प्रतिमान निष्क्रिय असले, तरी समीकरणे सोडविण्याची रीत ऊर्जा निर्माण करू शकते. ऑयलर यांच्या अग्रगामी रीतीने रोधरहित धारित्र-प्रवर्तक मंडल सोडविले आणि कालपायरी आवर्तनाच्या सुमारे १/६३ घेतली, तर परमप्रसर दर आवर्तनास सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो. त्यांच्याच पश्चगामी रीतीने तो तितक्याच वेगाने घटतो. समलंब रीतीत तो कायम राहतो. डॉमेल यांच्या पद्धतीत समलंब रीत असून तीत प्रत्येक प्रवर्तकाच्या जागी एक रोधक व पूर्वस्थितीवर अवलंबून असणारा एक प्रवाह उद्गम येतो : १ मिलिहेन्रीचा प्रवर्तक १ मायक्रोसेकंदाच्या पायरीस २,००० ओहमचा रोधक होतो. ही रीत धन-सत् फलनाचे धन-सत् स्वरूप टिकविते. स्वीडिश गणितज्ञ जी. डालक्विस्ट यांनी १९६३ मध्ये सिद्ध केले की, कोणत्याही पायरीस स्थिर राहणारी रेषीय बहुपदी रीत द्वितीय कोटीपेक्षा अधिक अचूक असू शकत नाही. अशा द्वितीय कोटीच्या रीतींत समलंब रीतीची त्रुटी सर्वांत कमी असते. तिची उणीव अशी की, स्विच उघडताना प्रवाह एकदम तुटल्यास दाबात एकाआड एक पायरीस चिन्ह बदलणारी कृत्रिम आंदोलने उमटतात. ती वाढत नाहीत, पण ओसरतही नाहीत. म्हणून अशा क्षणी एकदोन पायऱ्यांपुरती पश्चगामी रीत वापरतात.

मर्यादा : निष्क्रियता म्हणजे अचूकता नव्हे. एकच रोधक हेही कोणत्याही रोहित्राचे निष्क्रिय प्रतिमान होऊ शकेल, पण त्याचा उपयोग नाही. दुरुस्तीनंतर मूळ मोजमापाशी पुन्हा तुलना करणे म्हणूनच आवश्यक असते. लागलेला बदल मापनातील अनिश्चिततेपेक्षा बराच मोठा असेल, तर दोष प्रतिमानात नसून मोजमापात आहे असे समजावे. अशा वेळी मोजमाप पुन्हा घेण्याऐवजी गणिताने ते सारवणे ही वाईट सवय होय. विवर्धकासारख्या सक्रिय प्रयुक्तीच्या रेषीय प्रतिमानावर ही अट लादणे चुकीचे आहे. तिची विवर्धनक्षमताच त्यामुळे नाहीशी होईल. लोहगाभ्याच्या संपृक्तीसारख्या अरेषीय परिणामांना वरील कंप्रताविषयक कसोटी लागू पडत नाही, म्हणून ते रेषीय निष्क्रिय प्रतिमानापासून वेगळे ठेवून त्याच्या अग्रांशी स्वतंत्र घटक म्हणून जोडले जातात.